बेल्चरच्या गिरणीखालचा बांध

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मंडळाने शाळेचे जिम भाड्याने घेतले होते आणि बास्केटबॉलच्या रिंगखाली ताडपत्री पसरून संग्रामने राजगड उभा केला होता. तिन्ही माच्या जागच्या जागी, मधोमध बालेकिल्ला, उतारावर मोहरी पेरून उगवलेले कोवळे रान, आणि पुण्याहून बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून आणलेले मावळे. संग्राम एका विमा कंपनीच्या आयटीत आहे. पुण्यात असताना त्याने सगळे शनिवार-रविवार सह्याद्रीत काढले. न्यू जर्सीच्या आमच्या भागात चढायला डोंगर नाही, म्हणून हा वर्षातून एकदा स्वतःच डोंगर करतो, असे त्याची बायको नेत्रा म्हणते.

मी बराच वेळ किल्ल्यापाशी उभा होतो. समारंभात मला शेजारी एखादी वस्तू लागते. माणूस काहीतरी निरखतो आहे असे दिसले की लोक त्याला बोलायला लावत नाहीत. म्हणूनच मला ते गोळे दिसले. पद्मावती माचीवर खेळण्यातल्या दोन तोफा होत्या आणि त्यांच्याजवळ तोफगोळ्यांची छोटी रास. गोळे काळे नव्हते. पिठात घोळवल्यासारखे पांढुरके होते, बहुतेक पूर्ण गोल, एखाददुसरा चेपलेला.

शिसे अडीचशे वर्षे मातीत राहिले की असे पांढरे पडते, हे मला माहीत होते. गावातल्या हिस्टॉरिकल सोसायटीच्या काचेच्या कपाटात तशा गोळ्या आहेत. बंदुकीच्या.

"संग्राम, हे तोफगोळे कुठले?"

"दिसले का काका? मी वाटच बघत होतो!" तो हात पुसत आला. "ओळखा."

"विकत आणलेस?"

"छे! मातीतच मिळाले. आता माती कुठली ते विचारा ना."

मी एक गोळा उचलून तळहातावर घेतला. विचारायचे धैर्य झाले नाही.

"तुमच्या बांधावरची!" तो म्हणाला. "तुमच्यासाठी सरप्राइज होतं. दरवर्षी दुकानातली पिशवीतली माती आणायची, तिला ना वास ना काही. म्हटलं, एवढी खरी रणभूमी दहा मिनिटांवर असताना पिशवीतली माती कशाला? शपथेवर सांगतो काका, आधी कपाळाला लावली, मग फावडं घातलं."

तेवढ्यात त्याची मुलगी शिवांगी हातात प्लास्टिकचा डायनासोर घेऊन आली. "बाबा, कॅन आय पुट हिम ऑन टॉप?"

"नो! महाराजांच्या गडावर डायनासोर नाही."

"बट देअर इज अ टायगर."

"वाघ चालतो."

मी हसलो. हसायची वेळ होती म्हणून हसलो, आणि कोट घ्यायला गेलो. आसावरीने, माझ्या मुलीने, दारात गाठले. "बाबा, फराळ नाही घेतलात? चेहरा काय असा झालाय?" मी म्हणालो, जिममध्ये उकडते.

हा बांध म्हणजे काय ते आधी सांगायला हवे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७७च्या हिवाळ्यात, या भागात इंग्रज फौजेची गवताची आणि धान्याची टंचाई झाली होती. त्यांच्या तुकड्या गाड्या घेऊन शेतांतून, गिरण्यांतून मिळेल ते लुटून नेत, आणि गावोगावचे शेतकरी बंदुका घेऊन त्यांना वाटेत अडवत. बेल्चरची गिरणी म्हणून आमच्या ओढ्यावर एक पिठाची गिरणी होती. तिथे अशीच एक चकमक झाली. मोठी लढाई नव्हे. पुस्तकांत तिच्या वाट्याला जास्तीत जास्त एक परिच्छेद येतो. ओढ्यावरच्या पुलापाशी तिची पितळी पाटी आहे, कारण लढाई पुलावर झाली असे सगळे धरून चालतात.

आसावरीकडे कायमचा राहायला आलो तेव्हा वेळ जाईना, म्हणून मी हिस्टॉरिकल सोसायटीत जाऊ लागलो. मिरजेला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस, पुस्तके लावायचे काम मला जमण्यासारखे होते. सोसायटी म्हणजे जुने दगडी घर आणि त्यात डोना व्हॅन डोरेन नावाच्या बाई. त्यांचे घराणे इथल्या डच शेतकऱ्यांचे. बाई सत्तरीच्या, बोलण्यात फटकळ. मोरेश्वर हे नाव त्यांना दोनदा प्रयत्न करूनही जमले नाही, तेव्हा मी 'मो' झालो. दर बुधवारी आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. त्या फोनवर कुणाशी तरी भांडत असायच्या, मी वाचत असायचो.

भांडण गिरणीखालच्या मक्याच्या शेताचे होते. जुना शेतकरी वारला होता, वारसांना शेत विकायचे होते आणि एका गोदामवाल्या कंपनीला ते हवे होते. टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, मोकळ्या जागांसाठी राखलेल्या निधीतून शेत घ्यावे, असा डोनाचा आग्रह. टाउनशिप म्हणत होती, लढाई पुलावर झाली, पूल आमचाच आहे, मग शेत कशाला? शेवटी ठरले की कापणी झाल्यावर, नोव्हेंबरात, पुरातत्त्वाची माणसे धातुशोधक यंत्रे घेऊन शेत तपासतील. लढाई तिथे झाल्याचे दिसले तर शेत वाचेल.

मी त्या शेताच्या कडेने फिरायला जात असे. शेताच्या वरच्या टोकाला झुडपांत बुडालेला एक बुटका बांध आहे. त्याच्या मागे थेट रान. एकदा मार्च महिन्यात झुडपे उघडी असताना मी त्या बांधामागे सहज उकिडवा बसलो, आणि समोर गिरणीचा रस्ता तळहातासारखा दिसला. मला वाटले, थोड्या माणसांना मोठ्या तुकडीवर गोळ्या झाडून पळायचे असेल, तर ती पुलावर का उभी राहतील? पुलाच्या दोन्ही अंगांना ओढा, पळायला वाट नाही. ती इथे बसतील. काम झाले की रानात.

मनात आले खरे. पण डोनाला सांगितले नाही. इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जमीन नांगरली, तिच्यावर लिहिले. मी आलो परवा. मला इंग्रजीत 'असे असू शकेल' म्हणायलासुद्धा वाक्य आधी मनात जुळवून घ्यावे लागते. शिवाय मी चुकलो तर डोना चारचौघांत तेच बोलेल आणि तिचे हसे होईल, असेही वाटे. थोडे आणखी वाचू, मग सांगू, असे म्हणत उन्हाळा गेला.

संग्रामला मात्र सांगितले. मंडळाच्या एका बैठकीहून तो मला गाडीने घरी सोडत होता. त्याने विचारले, "काका, बुधवारी जाता तिथे करता काय?" मराठीत विचारले म्हणून असेल, मी सगळे सांगून टाकले. त्याने गाडी कडेला घेतली. "म्हणजे गनिमी कावा!" तो म्हणाला. "काका, हे तर आपलंच झालं! दाखवा ना मला." संध्याकाळच्या उन्हात मी त्याला बांध दाखवला. तो बांधामागे पालथा पडला आणि काल्पनिक बंदूक खांद्याला लावली. कुणीतरी माझे म्हणणे इतके झटकन खरे मानले, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी संग्रामच्या घरी गेलो. नेत्राने चहा केला. मी त्यांना समजावून सांगितले, जमेल तसे. न झाडलेली गोळी पूर्ण गोल राहते. थंडीने बधिर झालेल्या बोटांतून ती पडते, आणि जिथे पडते तिथे तो माणूस बसलेला असतो. चेपलेली गोळी समोरून आलेली असते. कोणती कुठे आणि किती खोल सापडली, त्यावरून सगळी चकमक मांडता येते. जागेवरून उचलली की ती नुसते शिसे.

संग्रामने कप खाली ठेवला. "किती माती काढली मी, माहितीये? भाड्याचा पिकअप भरून. आम्ही तिघं होतो. बांधाची पुढची बाजू मऊ होती, तिथलीच..." तो थांबला. "आणि घरी आणून चाळली. माची गुळगुळीत यायला हवी ना. गोळ्या सगळ्या चाळणीत मिळाल्या."

"म्हणजे कुठली कुठे ते—"

"नाही, काका."

नेत्रा म्हणाली, "ऐका, कुणाला कळलंय का अजून? नाही ना? मग ते गोळे ओढ्यात टाका आणि विषय संपवा. दुसऱ्याची प्रॉपर्टी होती ती. ट्रेसपासिंग आहे हे. आपली ग्रीन कार्डची फाईल कुठे अडकलीये माहितीये ना तुला?"

"मी सांगेन, मीच खणलं म्हणून," मी म्हणालो.

संग्रामला त्याही स्थितीत हसू आले. "काका, तुम्ही? फावडं तरी उचलता येईल का तुम्हाला? डोनाबाई आधी तुम्हाला डॉक्टरकडे नेतील."

नेत्रा हसली नाही. संग्राम तिला म्हणाला, "टाकले ओढ्यात, तर पुढच्या दिवाळीला किल्ला कुठल्या तोंडाने करू?" ती उठून आत गेली. तिचा राग मला समजत होता. घरातली चिंता तिच्या वाट्याला आली होती आणि तत्त्वाच्या गोष्टी आम्ही दोघे करत होतो.

बुधवारी आम्ही दोघे सोसायटीत गेलो. संग्रामने गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, कापसात ठेवून आणल्या होत्या. डोनाने डबा उघडला. एक गोळी बोटात धरून उजेडात फिरवली, आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. तो चेहरा मी बघायला नको होता.

"कुठे?" तिने विचारले.

संग्रामने सांगितले. सगळे सांगितले. किल्ला म्हणजे काय, दिवाळीत मुले तो का करतात, गडाची माती आपण घरी का आणतो, हेही.  मग डोनाने शेताचा विमानातून काढलेला मोठा फोटो टेबलावर पसरला. "दाखव." संग्रामचे बोट बांधावर गेले, डावीकडे सरकले, परत उजवीकडे आले.

"इथून... इथपर्यंत. नक्की नाही सांगता येणार, मॅम."

"माती परत नेऊन टाकू का?" मी विचारले.

"मुळीच नाही," डोना म्हणाली. "परत टाकलीत तर ती जमीन खोटे बोलायला लागेल."

ती खुर्चीत मागे रेलली. संग्रामकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती. "मो, त्या बांधाचे याला कुणी सांगितले?"

"मी."

"तुला कधीपासून माहीत?"

"माहीत असे नाही. वाटत होते. मार्चपासून."

"मार्चपासून." तिने फोटोची घडी घातली. घडी नीट बसेना, तरी घालत राहिली. "दर बुधवारी मी तुझ्यासमोर इथे बसते. पुलाच्या मुद्द्यावरून लोकांशी भांडते. तू ऐकत असतोस."

"माझे चुकलेही असते."

"अर्थात! म्हणून तर माणसे यंत्रे घेऊन येणार आहेत. चूक की बरोबर हे ती सांगतील. तुझे काम फक्त बोट दाखवायचे होते."

मी श्रीखंडाच्या डब्याचे झाकण लावले. 

तपासणी झाली. डोनाने पुरातत्त्ववाल्यांना बांधाचे सांगितले आणि त्याचे काय झाले तेही सांगितले. संग्रामचे नाव तिने घेतले नाही. थंडीत दोन दिवस ती माणसे कानाला हेडफोन लावून यंत्रे फिरवत होती. बांधाच्या उकरलेल्या बाजूला फारसे काही उरले नव्हते. शेतात इकडेतिकडे थोडे शिसे मिळाले, पण ते शिकाऱ्यांचेही असू शकते असे ठरले. अहवालात लिहिले, 'शक्यता आहे, पुरावा विस्कळीत.' डोना म्हणाली, हे वाक्य गोदामवाल्यांच्या वकिलाला मेजवानीसारखे.

टाउनशिपची सुनावणी जानेवारीत एका संध्याकाळी झाली. बाहेर बर्फ होते, तरी सभागृह भरले होते. कुणालाही उठून तीन मिनिटे बोलता येते. डोना बोलली. मग तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले.

मी माइकपाशी गेलो. बांधाचे सांगितले, पुलाच्या दोन्ही अंगांच्या ओढ्याचे सांगितले, पळायच्या वाटेचे सांगितले. कागद हातात होता, तो वाचायचे विसरलो. मध्येच लक्षात आले की लोक ऐकत आहेत. एक म्हातारा शेतकरी मान डोलावत होता. मला वाटले, हे इतके सोपे होते!

गोदाम कंपनीचा वकील तरुण होता आणि फार सभ्य. म्हणाला, "सरांचे विवेचन मला मनापासून आवडले. पण हा अंदाज आहे. त्याला आधार काय?"

"गोळ्या," मी म्हणालो. "न झाडलेल्या. बांधात मिळालेल्या."

"अहवालानुसार बांधात तशा गोळ्या मिळालेल्या नाहीत."

 मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. संग्राम उठला होता. त्याने येताना नेत्राला सांगितले होते की नुसता ऐकायला जातो. माइकवर त्याने स्वतःचे पूर्ण नाव सांगितले, पत्ता सांगितला, तिथे तसा नियमच आहे. मग म्हणाला, "त्या बांधात होत्या. मी खणून काढल्या. न विचारता. मुलांसाठी मातीचा किल्ला करायचा होता."

सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी हसले. वकिलाने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिले. "तुम्ही खोटे बोलताय असे मी म्हणत नाही. पण अशा गोळ्या इंटरनेटवर पिशवीने विकत मिळतात. या त्याच बांधातल्या, हे आता कुणी सिद्ध करू शकेल का?"

"नाही," संग्राम म्हणाला. "ते मीच बिघडवलंय."

एका बाईंचा अपवाद सोडून समितीने शेत विकत न घेण्याच्या बाजूने मत दिले. अध्यक्ष म्हणाले, पुलापाशी नवी, मोठी पाटी लावू. डोनाने पर्समधून हातमोजे काढले आणि एकेक बोट नीट बसवत घातले.

गाडीशी आलो तेव्हा संग्राम विंडशील्डवरचा बर्फ खरवडत होता. मी म्हणालो, "तू नाव सांगायला नको होतंस रे. नेत्रा काय म्हणेल?"

"रडेल. मग ग्रीन कार्डच्या वकिलाला फोन करू आम्ही. बघू." तो खरवडत राहिला. "काका, एक विचारू? खरं सांगा. तुम्ही मला बांध दाखवलात त्याच दिवशी डोनाबाईंना दाखवला असतात, तर मी तिथे गेलोच नसतो ना?"

"नसतास गेलास. कुणी आत जाऊ नये म्हणून तिने तिथे फीत बांधली असती."

"हं," तो म्हणाला. "मला वाटलंच." त्याच्या आवाजात दोष देणे नव्हते. असते तर बरे झाले असते. त्याने माझ्यासाठी दार उघडले आणि सीटवरची बर्फाची भुकटी हाताने झाडली.

संग्रामला त्या प्रकरणाचा त्रास झाला नाही. शेताच्या वारसांना त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. उलट विक्री मोकळी झाली म्हणून एकाने त्याचे आभार मानले म्हणे. ते ऐकून तो दोन दिवस जेवला नाही, असे नेत्राने आसावरीला सांगितले. माझ्याशी ती अजून तुटक बोलते.

एप्रिलमध्ये गोदामवाल्यांची यंत्रे आली. बुधवार होता. डोनाने कोट चढवला आणि म्हणाली, "चल, मो." मला वाटले होते, ती मला आता नुसती पुस्तके लावायला सांगेल. आम्ही गिरणीच्या रस्त्यावर, नव्या तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहिलो. पिवळे बुलडोझर शेताच्या खालच्या अंगाने सपाट करत वर चालले होते. झुडपे आधीच काढली होती, त्यामुळे बांध पहिल्यांदाच या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा दिसत होता. इतका स्पष्ट, की तो आजवर कुणाच्या ध्यानात कसा आला नाही याचे नवल वाटावे.

"त्या शेतकऱ्यांची डावी बाजू कुठे असेल?" डोनाने विचारले.

मी बोट दाखवले. तिथे बांधाला किंचित वळण होते, वळणाआड रानात उतरणारी घळ. "तिथे. सगळ्यात शेवटी निघणारे तिथे असणार. बाकीचे पळेपर्यंत त्यांनी रस्ता धरून ठेवला असेल."

मी हे ठाम सांगितले. शंका आली नाही. आता माझी चूक दाखवू शकेल असे तिथे थोड्या वेळाने काही उरणार नव्हते.

बुलडोझर वळणाशी पोहोचला. डोना माझ्याकडे झुकली. आवाजात तिला ऐकू आले नव्हते.

"काय म्हणालास? परत सांग."

मी परत सांगितले, ओरडून, घळ मातीने भरत असताना.